बल्क अपडेट टूलचं डॉक्युमेंटेशन एआय एजंटसाठी कसं लिहायचं?

तुमचा प्रश्न असा की डेटाबेसमधल्या बऱ्याच नोंदी एका फटक्यात बदलणारं टूल तयार आहे, डेव्हलपरांसाठी त्याचं डॉकही आहे. तेच एजंटला (म्हणजे टूल स्वतः वापरून काम उरकणाऱ्या एआय मॉडेलला) दिलं तर भागेल का? नाही भागणार. कसं ते माझ्याच फजितीवरून सांगतो.

एका गोदामाच्या स्टॉकसाठी मी असंच टूल लिहिलं होतं. एका वेळी जास्तीत जास्त १०० नोंदी, ही मर्यादा कोडमध्ये होती, आमच्या विकीवरही होती. टूलच्या वर्णनात मात्र एकच ओळ: ‘अनेक नोंदी एकत्र अपडेट करते.’ एजंटने २४० नोंदी पाठवल्या. कोडने पहिल्या १०० घेतल्या, बाकीच्या गुपचूप सोडल्या आणि उत्तर दिलं ‘सक्सेस’. एजंटने पुढे छातीठोकपणे कळवलं, २४० झाल्या. आठवड्याने लोकांनी माल मोजला तेव्हा घोळ उघड झाला. टूल माझं, डॉक माझं. एजंटच्या नावाने बोटं मोडायचीही सोय नव्हती.

माणूस अडला की शेजारच्याला विचारतो. एजंटची पाटी दर वेळी कोरी. अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये खुल्या केलेल्या एमसीपीचं (मॉडेलला बाहेरची टूल जोडायच्या प्रोटोकॉलचं) उदाहरण घ्या: त्यात मॉडेलसमोर मुख्यतः टूलचं नाव, वर्णन आणि इनपुटची जेसन स्कीमा (कोणती माहिती कोणत्या रूपात द्यायची याचा आराखडा) एवढंच येतं. तुमचं विकी तिथे नसतं. म्हणजे महत्त्वाचं ते सगळं या तीन जागांतच बसवायला हवं.

सगळ्यात जास्त शब्द खर्च करा ते ‘अर्धं झालं, अर्धं राहिलं’ यावर. एक नोंद चुकली तर सगळी बॅच (एकत्र पाठवलेला गठ्ठा) मागे फिरते की बाकीच्या लागतात? अ‍ॅमेझॉनच्या डायनॅमोडीबी या डेटाबेसचं बॅच राइट एका वेळी २५ पर्यंत पुट (नोंद लिहिणं) किंवा डिलीट घेतं, आणि ज्या राहिल्या त्या ‘अनप्रोसेस्ड आयटम्स’ म्हणून परत देतं. कॉल यशस्वी दिसतो, काम मात्र अपुरं असतं. हे वर्णनात नसेल तर एजंट वरवर बघून पुढे जाणार.

दुसरी खोच म्हणजे न पाठवलेल्या फील्डचं (नोंदीतल्या रकान्याचं) काय होतं. एअरटेबल या ऑनलाइन डेटाबेसच्या एपीआयमध्ये (प्रोग्रामसाठीच्या दारात) नोंद बदलायच्या दोन रीती आहेत: पॅच वापरलं तर पाठवलेल्या फील्डच बदलतात, पुट वापरलं तर न पाठवलेल्या पुसल्या जातात. तुमच्या टूलमध्ये यातलं काय होतं, आणि नल (रिकामं मूल्य) पाठवलं तर ‘रिकामं कर’ की ‘हात लावू नको’, हे त्या त्या पॅरामीटरच्या वर्णनात लिहा.

तिसरी गंमत आकड्याची. ‘किती ओळी बदलल्या’ याचं उत्तर पोस्टग्रेस हा डेटाबेस देतो तेव्हा मूल्य तेच राहिलेल्या ओळीही मोजतो. मायएसक्यूएल हा दुसरा डेटाबेस मात्र, क्लायंटने (त्याला जोडलेल्या प्रोग्रामने) वेगळं सांगितलं नसेल तर, खरोखर बदललेल्याच मोजतो. मूल्य आधीच बरोबर असलं की शून्य येतं, एजंटला वाटतं अपयश आलं, आणि तो पुन्हा पुन्हा कॉल करत बसतो. म्हणून सापडलेल्या, बदललेल्या आणि नाकारलेल्या असे तीन आकडे वेगळे द्या.

माझं आताचं वर्णन साधारण असं आहे (मूळ इंग्रजीत आहे, इथे मराठीत देतो):

‘आयडी माहीत असलेल्या नोंदींच्या दिलेल्या फील्डच बदलते. एका कॉलमध्ये कमाल १०० नोंदी; जास्त आल्यास काहीही न बदलता एरर. एक नोंद नाकारली तरी बाकीच्या लागतात. नाकारलेल्यांचे आयडी आणि कारण उत्तरात येतं, फक्त त्याच दुरुस्त करून पुन्हा पाठवा. नवी नोंद तयार करत नाही. आयडी माहीत नसेल तर आधी शोध टूल वापरा, अंदाज करू नका.’

एरर मेसेज हेही डॉकच. ‘इनव्हॅलिड इनपुट’ वाचून एजंटला काही उमजत नाही. ‘१४२ नोंदी आल्या, मर्यादा १००, दोन कॉल करा’ असं लिहा, तो निमूटपणे करतो.

एमसीपीमध्ये डिस्ट्रक्टिव्ह (डेटा पुसू शकणारं), आयडेम्पोटंट (तोच कॉल पुन्हा केला तरी आणखी परिणाम न होणारं) वगैरे हिंट देता येतात. द्या जरूर, पण त्या नुसत्या सूचनाच. ‘सगळ्या नोंदी बदलू नका’ हे डॉकमध्ये लिहिणं म्हणजे दाराला पाटी लावणं. कडी कोडमध्येच हवी. फिल्टर नसलेला, म्हणजे कोणत्या नोंदी बदलायच्या ते न सांगणारा अपडेट सरळ नाकारा.

लिहून झालं की ते वर्णन आणि स्कीमा, एवढंच, एखाद्या मॉडेलला द्या आणि विचारा: ‘२४० नोंदी आहेत, त्यातल्या ३ चुकीच्या आहेत, काय करशील?’ मी हे केलं तेव्हा पहिल्या मसुद्यावर त्याने सगळ्या २४० पुन्हा पाठवायचं ठरवलं होतं. ‘फक्त त्याच दुरुस्त करून’ हे शब्द त्यानंतर आले.