एवढ्याशा जिवाला भूल सोसेल का?

प्रश्न: सुनेला पाचवा महिना चालूय. सोनोग्राफीत बाळाची आतडी पोटाबाहेर दिसली, गॅस्ट्रोस्कायसिस म्हणाले. जन्मल्या जन्मल्या ऑपरेशन लागणार. तान्ह्या बाळाला भूल सोसते का? आणि जाऊबाई म्हणतात सून ग्रहणात भाजी चिरत बसली म्हणून झालं, ते खरं का?
– एक होणारी आजी, बार्शी

उत्तर: काकू, ग्रहणाचं आधी डोक्यातनं काढा, सुनेसमोर तर तो विषयच नको. बेंबीच्या बाजूला, बहुतेक वेळा उजवीकडे, पोटाची भिंत अपुरी राहते आणि तिथनं आतडी बाहेर येतात, यात आईची काही चूक नसते.

भूल सोसते हो. दोन-अडीच किलोच्या बाळांनाही देतो आम्ही भूलतज्ज्ञ. धास्ती असते ती वेगळीच, उघड्या आतड्यांवरून अंगातली ऊब आणि पाणी भराभर जातं. म्हणून जन्मल्याबरोबर आतडी स्वच्छ प्लास्टिकच्या पिशवीत, बाळ उजव्या कुशीवर, पोट रिकामं ठेवायला नळी आणि हाताला सलाइन. ऑपरेशन थिएटर इतकं गरम ठेवतो की सर्जन घामाने निथळतात, बिचारे बोलत नाहीत. श्वासनलिकेत ३-३.५ मिलिमीटरची नळी घालतो. नायट्रस ऑक्साइड टाळतो कारण तो आतड्यात शिरून ती फुगवतो, आणि इथे तर जागेचीच मारामार.

सर्जन आतडी आत सारायला लागले की माझी नजर पोटावर नसते, व्हेंटिलेटरवर असते. आतडी बाहेरच वाढलेली म्हणून पोट लहान राहिलेलं, त्यात कोंबाकोंबी केली तर छातीखालचा पडदा वर सरकतो, फुप्फुसं फुगेनात, पायाकडून येणारी मोठी शीर दाबली जाते, लघवी कमी होते. (सलाइन पायाला नको ते याचसाठी.) पावलाला लावलेला ऑक्सिजन मोजायचा प्रोब आकडा दाखवेनासा झाला, किंवा ब्लॅडरमधलं (लघवीच्या पिशवीतलं) प्रेशर २० च्या वर गेलं, की मी सरळ म्हणते, सर, थांबा.

मग सायलो लावतात, म्हणजे सिलिकॉनची पारदर्शक पिशवी, आतडी तिच्यात ठेवून वर टांगायची, रोज थोडी थोडी खाली उतरवायची आणि साधारण आठवडाभरात पोट बंद करायचं. तेव्हा पहिल्याच दिवशी टाके पडले नाहीत तर ऑपरेशन फसलं असं समजून रडारड करू नका. टाके पडल्यावरही एक-दोन दिवस, कधी जास्तही, बाळ व्हेंटिलेटरवर असतं.

आणि हो, नाव आत्ताच घाला, जिथे एनआयसीयू (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग) आणि लहान मुलांचे सर्जन एकाच ठिकाणी आहेत तिथे. फक्त यासाठी सिझेरियनच लागतं असं नाही. तोंडाने दूध सुरू व्हायला मात्र कधी कधी आठवडे जातात, तोवर सुनेला दूध काढून साठवायला सांगा.