डेकचा फोम: कडा सुटतात त्या कशामुळे?

प्रश्न: माझ्याकडे जुनी स्टँड-अप, म्हणजे उभं राहून चालवायची जेट स्की आहे. उभं राहायच्या ट्रेमधलं मूळ मॅटिंग फाटून गेलं. सहा मिलिमीटरचं खाचांचं ईव्हीए फोमचं शीट आणि मागच्या पायाला अडकण देणाऱ्या पाचरीसाठी क्लोज्ड-सेल (पाणी न शोषणाऱ्या) फोमचा जाड ठोकळा आणला. शीट कापून चिकटवलं, पण कोपऱ्यात बसेना, मधे फुगलं आणि थोड्याच दिवसांत कडा सुटल्या. ताई, कापायचं कसं? आणि पाचर किती उंच ठेवू?

उत्तर: तुमच्या मूळ पत्रात कटरबद्दल पानभर मजकूर आहे, कागदी नमुन्याबद्दल एक शब्द नाही. दुखणं तिथंच आहे. मी हलच्या, म्हणजे जेट स्कीच्या मुख्य सांगाड्याच्या, कामात येण्याआधी सीटकव्हरं बेतायची, त्यामुळे कुणी थेट मालावर रेघ मारली की माझा हात आपोआप कात्री लपवायला जातो.

ट्रेचा तळ सपाट दिसतो, पण तळ आणि बाजूची भिंत जिथे मिळतात तिथे गोलाई असते. शीट आत दाबून रेघ मारली की ती रेघ गोलाईवर चढते, तुकडा मोठा निघतो आणि जास्तीचा भाग मधे फुगून वर येतो. म्हणून आधी जाड खाकी कागद घ्या आणि तो ट्रेपेक्षा सगळीकडून दोन बोटं लहान कापा. मधे दोन-तीन खिडक्या पाडा आणि त्यांवरून मास्किंग टेप मारा, म्हणजे कागद हलणार नाही. आता कडेने कागदाच्या छोट्या पट्ट्या गोलाई सुरू होते तिथपर्यंत सरकवा आणि प्रत्येक पट्टी मोठ्या कागदाला टेपने जोडा. हा झाला तुमचा नमुना. त्यावर 'वर' आणि 'पुढे' लिहून ठेवा. शीटच्या पाठीवर आखणार असाल तर नमुना उलटा ठेवायचा, नाहीतर डाव्या बाजूचा सुरेख तुकडा उजवीकडे कसा बसवायचा याचा विचार करत बसाल. आणि कागद मधोमध दुमडून एका बाजूवरून दुसरी कापू नका. दुरुस्ती झालेल्या हलच्या दोन्ही बाजू क्वचितच सारख्या असतात.

तळ आणि भिंती एकाच तुकड्यात करायचा मोह सोडा. वेगळे तुकडे ठेवा, मधे तीनेक मिलिमीटरची फट ठेवा. त्या फटीतून पाणी निघतं आणि तुकडे एकमेकांना रेटत नाहीत. जोड पायाच्या चवड्याखाली येऊ देऊ नका. खाचा पुढून मागे जाणाऱ्या असू द्या, म्हणजे पाणी ट्रेच्या उघड्या टोकाकडे धावेल.

कापताना पातं नवं कोरं हवं. पहिला हात हलका, दुसऱ्या हातात आरपार. पातं आडवं कलतं धरून ओढा, करवतीसारखं मागेपुढे करू नका. स्टीलची पट्टी फोमवर जोरात दाबली तर फोम दबलेल्या अवस्थेत कापला जातो आणि पट्टी उचलल्यावर कड आतून पोकळ निघते. बाहेरच्या सगळ्या कडा पंचेचाळीस अंशांत उतरवा आणि ठोकळ्याला गुंडाळलेल्या सँडपेपरने साफ करा. सगळ्यात जास्त लक्ष ट्रेच्या मागच्या कडेवर द्या. पाण्यात पडल्यावर तुम्ही तिथूनच पोटावर सरकत वर येता आणि लाइफ जॅकेटची बकलं नेमकी त्याच कडेला खरवडतात. उभी सरळ कड तिथे टिकत नाही.

पाचरीची उंची मी आकड्यात सांगणार नाही. ज्या बुटांत चालवता ते घाला, एक पाय पुढे घेऊन नेहमीसारखे उभे राहा आणि मागची टाच कुठे टेकते ते कुणाला तरी आखायला सांगा. पाचर वळताना आणि उडी घेताना त्या पायाला अडकण मिळावी म्हणून असते. लोक ती उंच करतात, कारण उंच पाचर फोटोत छान दिसते! पण तिच्यावर पाय टाकलात की तुमचं वजन वर जातं आणि तोल बिघडतो. कमी उंचीपासून सुरुवात करा. नंतर थर चढवता येतो, पण मधला गोंद वाळला की कडक होतो आणि टाचेला जाणवत राहतो.

ठोकळा कापायला स्वयंपाकघरातली विजेवर चालणारी, दोन पात्यांची सुरी उत्तम. दोन्ही बाजूंना रेघ मारून घ्या, म्हणजे काप तिरका जाणार नाही. तापलेल्या तारेने कापलेल्या पृष्ठावर चकचकीत कातडी येते आणि तिच्यावर गोंद धरत नाही, तेव्हा ती घासूनच काढावी लागते. आकार द्यायला साठ नंबरचा सँडपेपर, शेवटी एकशेवीस. मास्क लावा, कारण हा भुगा सगळीकडे चिकटतो.

आता पाचरीची खालची बाजू. ट्रेच्या तळावर सँडपेपर खरखरीत बाजू वर करून टेपने चिकटवा आणि पाचर तिच्या जागी ठेवून त्यावर पुढेमागे घासा. दर थोड्या वेळाने उचलून बघा. जिथे फोम खरवडला नाही तिथे अजून टेकलेलाच नाही. सगळा तळ एकसारखा खरखरीत दिसला की पाचर ट्रेच्या उतारावर बसली. हे काम कंटाळवाणं आहे, तरी घाई करू नका.

पाचरीच्या कंगोऱ्यावरून शीट वळवायला हीट गन वापरा, सतत हलती. पृष्ठ चमकायला लागलं की लगेच थांबा, पुढे खाचा बसतात आणि शीट आकसतं.

चिकटवण्याआधी सगळे तुकडे कोरडेच मांडून बघा. कॉन्टॅक्ट गोंद हल आणि फोम दोन्हींना लावायचा. पाचरीच्या कापलेल्या बाजूला दोन हात लागतात, कारण पहिला हात फोमच पितो. बोट लावून तार ओढली जात नाही इतका सुकू द्या. मग मात्र टेकलं की टेकलं, म्हणून मधे बटर पेपरच्या पट्ट्या ठेवा आणि मधल्या भागापासून एकेक ओढत चला. वरून रोलर दाबून फिरवा आणि दिवसभर पाणी लागू देऊ नका. दमट हवेत गोंदावर पांढुरकी वाफ धरते. कडा सुटण्याचं हेही मोठं कारण असतं. गोंदाच्या वाफा पेट घेतात आणि पेट्रोलची टाकी हाताच्या अंतरावर असते, म्हणून काम उघड्यावर करा आणि बॅटरीची तार आधी काढा.

प्रश्न: जुन्या गोंदावरच नवा लावला तर चालेल का?

उत्तर: नाही. प्लॅस्टिकच्या खरवडणीने जमेल तेवढा काढा, उरलेला अ‍ॅसिटोनने, मग ऐंशी नंबरने घासून पुन्हा पुसा. रंगवलेल्या भागावर अ‍ॅसिटोन सांडू नका, रंग निघून येईल. आधीच्या मालकाने कड सिलिकॉनने बुजवली असेल तर ते पुसल्याने फक्त पसरतं, घासूनच काढायचं.

प्रश्न: घरातली योगा मॅट कापून लावू का?

उत्तर: लावाल, आणि काढालही. पीव्हीसीतलं मऊपणा देणारं द्रव्य हळूहळू गोंदात झिरपतं आणि गोंद ढिला पडतो. शिवाय टाचेखाली ती फाटते.

प्रश्न: यामाहा सुपरजेट या स्टँड-अप जेट स्कीसाठी तयार कापलेला मॅटिंगचा संच मागवतोय. कुठलाही चालेल ना?

उत्तर: साल सांगितल्याशिवाय मागवू नका. १९९० मध्ये आलेल्या सुपरजेटचा हल १९९६ मध्ये बदलला, २००८ मध्ये पुन्हा, आणि २०२१ ची फोर-स्ट्रोक वेगळीच आहे. आणि हल बदललेला असेल तर कागदपत्रांवरचं साल नव्हे, हलचं साल सांगा.