आयोवाची निर्यात अभ्यासताना

अमेरिकेतल्या आयोवा राज्याचा अभ्यास सुरू करताय, तर राज्यवार निर्यातीच्या तक्त्यावर लगेच विसंबू नका. अमेरिकेचा सेन्सस ब्युरो, म्हणजे सरकारी आकडेवारी खातं, निर्यातीचा माल जिथून निघाला ते राज्य धरतो. आयोवाचं सोयाबीन बार्जमधून, म्हणजे सपाट मालवाहू नावांतून, मिसिसिपी नदीनं न्यू ऑर्लीन्सच्या बाजूला उतरतं, तिथल्या गोदामांत इतर राज्यांच्या मालात मिसळतं आणि बऱ्याचदा तिथल्या लुइझियाना राज्याच्या नावावर चढतं. शेतमालासाठी कृषी खात्याचे, म्हणजे यूएसडीएचे, अंदाज वेगळे काढून ठेवा. ते शेतकऱ्यांच्या विक्रीतल्या वाट्यावरून बांधलेले असतात.

मक्याचंही तसंच. तो सगळा जहाजात चढत नाही. निम्म्याहून जास्त मका इथेनॉलच्या कारखान्यांत जातो, मागे उरलेला चोथा पशुखाद्य म्हणून विकला जातो. बराच मका डुकरं खातात आणि तोच पुढे पोर्क होऊन मेक्सिको, जपानला पोचतो. म्हणून मक्याचा भाव बघताना इथेनॉलचा आणि डुकरांचा भाव शेजारी मांडाच. मला तरी त्याशिवाय काही उमगत नाही.

आयोवातल्याच वॉटर्लू शहरातले जॉन डीअर कंपनीचे ट्रॅक्टर आणि राजधानी डे मॉइनच्या विमा कंपन्याही बघा. राज्याच्या उत्पन्नात वित्त-विम्याचा वाटा निव्वळ शेतीपेक्षा मोठा आहे.

आणि २०१८ साल महिन्यागणिक वाचा. जुलैत चीननं अमेरिकी सोयाबीनवर २५ टक्के जादा शुल्क लावलं आणि खरेदी ब्राझीलकडे वळली. तेव्हा नुसता शिकागोच्या बाजारातला वायदे-भाव पाहू नका, त्या काळातले आयोवातल्या एलिव्हेटरचे, म्हणजे धान्य विकत घेऊन साठवणाऱ्या कोठारांचे, स्थानिक भावही जोडीला घ्या. शेतकऱ्याच्या हातात पडतो तो हा भाव.