माझ्या लॅपटॉपमध्ये 8 जीबी रॅम आणि विंडोज 11 आहे. फक्त ब्राउझर उघडा असतानाही मेमरी 70 टक्के भरलेली दिसते. सकाळी 70 असते आणि संध्याकाळपर्यंत काही नवीन न उघडता 90 च्या वर जाते. रॅम वाढवावी का?

8 जीबी रॅम आणि विंडोज 11 म्हणताय, तर ब्राउझर उघडा असताना 60-70 टक्के दिसणं हा बिघाड नाही. नुसत्या त्या आकड्याला घाबरू नका. मला खटकलं ते तुमचं पुढचं वाक्य: सकाळी 70 असतं आणि संध्याकाळपर्यंत काही नवीन न उघडता 90 च्या वर जातं. म्हणजे कोणीतरी मेमरी घेतंय आणि परत करत नाहीये. तो कोण हे कळेपर्यंत रॅमवर पैसे घालू नका.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि 'मेमरी' या रकान्याच्या शीर्षकावर क्लिक करा. सगळ्यात जास्त खाणारे वर येतील. बहुतेकदा पहिला नंबर ब्राउझरचाच असतो, पण 'क्रोम 2.5 जीबी' एवढ्यावरून काही कळत नाही. क्रोममध्येच शिफ्ट-एस्केप दाबा, त्याचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो. तिथे टॅब आणि एक्स्टेंशन (ब्राउझरला जोडलेली छोटी सॉफ्टवेअर) वेगवेगळे दिसतात. दिवसभर उघडा ठेवलेला मेलचा किंवा चॅटचा एखादाच टॅब एक जीबीच्या आसपास गेलेला सापडू शकतो. तो बंद करून पुन्हा उघडा, फरक लगेच दिसेल. कधी काळी टाकलेली आणि आता न लागणारी एक्स्टेंशन्स काढाच. सेटिंग्जमध्ये 'मेमरी सेव्हर' चालू करा, मग न वापरलेले टॅब आपोआप झोपतात.

आता यादीतल्या मोठ्या आकड्यांची ढोबळ बेरीज करा. बेरीज 3 जीबी आणि वापर 7 जीबी अशी तफावत असेल तर चोर या यादीत नाहीच. 'परफॉर्मन्स'मध्ये 'मेमरी'वर जा आणि खाली 'नॉन-पेज्ड पूल' (विंडोजच्या गाभ्याने धरलेली, डिस्कवर हलवता न येणारी मेमरी) बघा. तो साधारण काही शे एमबी असतो. तो जीबीत गेला असेल आणि तासातासाला वाढत असेल, तर एखादा ड्रायव्हर (विंडोजला हार्डवेअरशी जोडणारं सॉफ्टवेअर) मेमरी गळवतोय. नेटवर्कचा ड्रायव्हर किंवा अँटिव्हायरस यांच्यावर पहिला संशय घ्या, लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून ताजा ड्रायव्हर टाका.

इथे एक गंमत आहे. 'मी तर रोज रात्री लॅपटॉप बंद करतो' असं तुम्ही म्हणाल. पण विंडोजमध्ये 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर 'शट डाउन' केल्यावर कर्नल (विंडोजचा गाभा) आणि ड्रायव्हर यांची स्थिती डिस्कवर साठवली जाते आणि सकाळी तीच परत येते. खरी पाटी कोरी होते ती 'रीस्टार्ट'ने. आठवड्यातून एकदा तरी करा.

स्टार्टअप अ‍ॅप्सच्या यादीतून नको ते बंद करा, त्यात फार सांगण्यासारखं नाही. मात्र 'रॅम क्लीनर', 'बूस्टर' असली सॉफ्टवेअर टाकू नका. ती चालू प्रोग्रामची पानं, म्हणजे मेमरीचे तुकडे, जबरदस्तीने रॅममधून बाहेर काढतात. आकडा उतरलेला दिसतो, पण त्या प्रोग्रामकडे परत गेलात की तीच पानं पुन्हा आणावी लागतात, त्यातली काही थेट डिस्कवरून. पेज फाइल (रॅम कमी पडली की विंडोज डिस्कवरची जी जागा वापरतं ती) बंद करण्याचा सल्लाही कोणी देईल, तो ऐकू नका. मेमरी संपली की प्रोग्राम धडाधड बंद पडतील.

एवढं करूनही रोजच्या कामात 90 टक्के राहिले आणि खिडकी बदलताना लॅपटॉप अडखळत असेल, तर मात्र रॅम कमीच पडतेय, 16 जीबी करा. आधी त्याच 'मेमरी'च्या पानावर 'स्लॉट्स यूज्ड' आणि 'फॉर्म फॅक्टर' वाचा. 'एसओडिम' लिहिलं असेल तर बहुधा पट्टी बदलता येते. 'रो ऑफ चिप्स' असेल तर ती रॅम बोर्डावरच डकवलेली आहे. मॉडेलच्या माहितीत वेगळा रिकामा स्लॉट दिलेला नसेल तर वाढवण्याचा विषय संपला. आणि रॅमची पिढी डीडीआर 4 की डीडीआर 5 ते बघूनच घ्या, एकाची पट्टी दुसऱ्याच्या खाचेत बसत नाही.