गुळाचं पाणी पाजलं, तरी गोऱ्हा गेला

प्रश्न : डॉक्टर मॅडम, मागच्या महिन्यात आमच्या गवळाऊ गाईचा आठ दिवसांचा गोऱ्हा हगवणीनं गेला. पांढरं, पातळ हगत होता. दूध तोडलं, गुळाचं पाणी पाजलं. तिसऱ्या दिवशी डोळे खोल गेले, मग उठलाच नाही. अजून दोन गाई व्यायच्या आहेत. आमचं काय चुकलं?
– एक पशुपालक, ता. आर्वी, जि. वर्धा

उत्तर : भाऊ, गूळ तुम्ही मायेनं पाजला, पण इतक्या लहान वासराला गूळ-साखर पचत नाही. ती आतड्यात पडून पाणी ओढते आणि हगवण वाढते. ग्लुकोज मात्र थेट शोषलं जातं. सोबत मीठ आणि मिठामागून पाणीही आत नेतं.

हगवणीत पाण्यासोबत मीठ, पोटॅशियम आणि सोड्यासारखे क्षार जातात. रक्त आंबट होतं, वासरू सुस्तावतं. पेशींतलं पोटॅशियम रक्तात उतरतं आणि हृदयाचे ठोके मंदावतात. वासरू दगावतं ते बहुतेकदा यानंच.

म्हणून पातळ दिसताच सुरुवात करा. एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात ग्लुकोज 20 ग्रॅम, मीठ 5 ग्रॅम, खायचा सोडा 3 ग्रॅम. वासरांसाठीची क्षारांची पुडी मिळाली तर अधिक चांगली, तिच्यात पोटॅशियमही असतं. 25 किलोच्या वासराला दिवसातून तीन-चार वेळा एकेक लिटर. दूध तोडू नका, त्याचं अन्न तेवढंच आहे; फक्त दूध आणि या पाण्यात दोन तासांचं अंतर ठेवा.

मानेची कातडी चिमटीत धरून सोडा. लगेच सपाट झाली तर ठीक. दोन-तीन सेकंद घडी तशीच राहिली तर पाणी बरंच गेलंय. मग तोंडात बोट घाला. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी हे न बघताच एका कालवडीला इंजेक्शन देऊन निघाले. संध्याकाळपर्यंत ती गेली. तेव्हापासून माझं बोट आधी तोंडात जातं. तोंड गार लागलं, वासरू चोखेना, तर बाटलीनं ओतू नका, पाणी फुफ्फुसात जाईल. 1962 या जनावरांच्या दवाखान्याच्या मदत क्रमांकावर फोन लावा. त्याला शिरेतून सलाईन लागेल.

आणि त्या दोन गाई व्यायल्या की चीक दोन तासांच्या आत पाजा. 25 किलोच्या वासराला पहिल्या दिवशी अडीच लिटर तरी. आपल्याकडे वार, म्हणजे जार, पडेपर्यंत वासराला थानाला लावत नाहीत. तेवढं थांबू नका, भाऊ.