हँडलवरचं बटण दाबून गाडी उघडत नाही, अख्खं हँडल बदलावं का?

तुम्ही विचारलंय की ड्रायव्हर साइडच्या हँडलवरचा ‘कीपॅड’ दाबला तर गाडी उघडत नाही, रिमोटनं मात्र उघडते. कधी सकाळी चालतो, दुपारी नाही. शोरूममध्ये अख्खं हँडल बदला म्हणून सांगितलं, तर बदलावं का?

भाऊ, एवढ्यात नका बदलू. मी दारव्ह्याला गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो आणि ही तक्रार आमच्याकडं सारखी येते.

आधी नावाचा घोळ मिटवू. कीपॅड म्हणजे दारावर आकडे दाबून गाडी उघडायची पट्टी. ती फोर्डनं १९८० मध्ये अमेरिकेतल्या गाड्यांना दिली. आपल्या गाड्यांच्या हँडलवर असतं ते साधं काळं रबरी बटण, त्याला रिक्वेस्ट स्विच म्हणतात. पार्ट मागताना हेच नाव सांगा, नाही तर दुकानदार भलतंच काही हातात देईल.

बटण दाबलं की गाडी हँडलमधल्या अँटेनातून बारीक सिग्नल सोडते. त्याची पोच जेमतेम मीटर-दीड मीटर. खिशातली चावी तो ऐकते आणि उत्तर देते, मग लॉक उघडतं. रिमोटचं बटण दाबता तेव्हा हा अर्धा रस्ता वापरातच येत नाही, चावी थेट बोलते. म्हणून रिमोट चालतो याचा अर्थ लॉकची मोटर ठीक आहे, इतकाच. चावीचा सेल ठणठणीत आहे असं त्यावरून म्हणता येत नाही.

आता तपास. काच खाली करून ठेवा आणि मगच सुरू करा. चावी आत अडकली की तपास राहतो बाजूला आणि कुलूपवाल्याला शोधत फिरावं लागतं. खिशात चावीला चिकटून मोबाइल असेल तर तो दूर ठेवा. मग चावी हँडलला अगदी टेकवून बटण दाबा. टेकवल्यावर उघडते आणि खिशातून नाही, तर दोष चावीच्या सेलचा किंवा हँडलमधल्या अँटेनाचा. सेल बहुतेक चाव्यांत सीआर २०३२ असतो, ३ व्होल्टचा. मल्टिमीटरवर (व्होल्टेज मोजायचा मीटर) २.८ व्होल्टच्या खाली दिसला तर सरळ बदला. (जुना सेल लेकरांच्या हाती लागू देऊ नका. गिळला तर दोन तासांत अन्ननळी भाजून निघते, ही थट्टेची गोष्ट नाही.)

टेकवूनही उघडत नसेल, तर पलीकडच्या दाराचं बटण दाबून पाहा. तिथं उघडली तर चावी, सेल, फ्यूज सगळ्यांना सुट्टी द्या. दोष तुमच्याच दारात आहे. दोन्हीकडं मुकं असेल, तर आधी गाडीच्या सेटिंगमध्ये ही सोय कुणी बंद केली नाही ना ते बघा, मग फ्यूज.

तुमचं मात्र ‘सकाळी चालतो, दुपारी नाही’ हे वाक्य मला महत्त्वाचं वाटतं. मेलेला पार्ट वेळ पाहून मरत नाही. कधी चालणं, कधी न चालणं हा लूज कनेक्शनचा, तुटत आलेल्या वायरचा नाही तर ओलीचा गुण. आपल्याकडं बोअरच्या जड पाण्यानं, तेही प्रेशरनं गाडी धुतात. बटणाच्या कडेनं पाणी आत शिरतं आणि मागं पांढरा क्षार सोडून जातं. त्यावर सोयाबीनच्या कुटाराची धूळ बसली की बटण दाबलं तरी आत टेकतच नाही. अशा वेळी बटण काढून कॉन्टॅक्ट क्लीनरनं, म्हणजे विजेचे जोड साफ करायच्या स्प्रेनं, साफ करा. पेट्रोल-डिझेल लावू नका, रबर फुगतं.

पण मी पहिला संशय घेतो तो दार आणि खांबाच्या मधल्या नागमोडी रबरी नळीवर. दार उघडताना-लावताना त्यातल्या वायरी रोज वाकतात. मागच्या वर्षी सोयाबीन काढणीच्या दिवसांत एक गाडी आली होती. मालकानं दोनदा सेल बदलला होता, नवी चावीसुद्धा करून घेतली होती. बोलता बोलता म्हणाला, ‘त्या दाराची काच पण कधीमधी अडकते.’ झालं, मला तेवढंच पाहिजे होतं. नळी मागं सरकवली. वरून सगळ्या वायरी धडधाकट. एकेक चिमटीत धरून हलकेच ओढली, तर एक शेवयीसारखी लांबली. आतलं तांबं तुटलं होतं, नुसतं प्लास्टिक जोडलेलं. गाडी गोठ्याशेजारी लावत असाल तर उंदरानं कुरतडलंय का तेही तिथंच पाहा.

जोड देताना नुसती पिळून टेप मारू नका, महिन्या-दोन महिन्यांत परत येते. मऊ वायरचा लांब तुकडा टाका, सोल्डर करा, वरून उष्णतेनं आवळणारी नळी चढवा आणि जोड वाकणाऱ्या जागेपासून दूर ठेवा. हात घालण्याआधी बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढा. पिवळा कनेक्टर दिसला तर तो एअरबॅगचा असतो, त्याला हात लावू नका.

वायर चांगली निघाली तरच बटणाकडं या. बहुतेक गाड्यांत त्याच्या दोन वायरी असतात. टर्मिनल परत जोडा आणि बटणाचा कनेक्टर लावलेला असतानाच मागून मीटर लावा. एकीवर गाडीप्रमाणं ५ किंवा १२ व्होल्ट दिसतील आणि बटण दाबलं की ते शून्यावर आले पाहिजेत. आले तर बटण ठीक, पुढचं काम स्कॅनरवाल्याचं, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला यंत्र जोडून दोष वाचणाऱ्याचं. व्होल्टेज आहे पण दाबल्यावर हलत नाही, तर आधी दुसऱ्या वायरची अर्थिंग तपासा. तीही ठीक असेल तर बटण गेलं. काही गाड्यांत ते एकटं मिळतं, काहींत हँडलसकटच घ्यावं लागतं. तसं असेल तर शोरूमवाल्यांचं बरोबर, पण त्यांनी मीटर लावून पाहिलं होतं का, हे विचारा. काही महागड्या गाड्यांत बटणाऐवजी स्पर्शाचा सेन्सर असतो, त्याला ही मीटरची रीत लागू नाही.

पलीकडच्या दाराचं बटण चालतं की नाही, ते तुम्ही लिहिलंच नाही. गाडी कोणती, किती वर्षांची, आणि त्या दाराची काच नीट वर-खाली होते का, तेवढं सांगा.