इंफाळच्या आकाशातले हरिकेन : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझे आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते आणि मार्च १९४४ मध्ये मणिपुरातील सांगशाकच्या लढाईत होते. आपल्या हवाई दलाची हरिकेन विमाने डोंगरांवरून जाताना दिसत, असे ते सांगत. त्या विमानाची बारकाव्यांसह प्रतिकृती करण्याची माझी फार दिवसांची इच्छा आहे. मोटारींची काही किट्स मी जुळवली आहेत. विमान प्रथमच करणार आहे. सुरुवात कुठून करावी आणि कोणते प्रमाण निवडावे? (एक वाचक, सातारा)

उत्तर : सांगशाकला २० ते २६ मार्चदरम्यान पन्नासाव्या भारतीय पॅराशूट ब्रिगेडबरोबर मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी बटालियन लढली. त्याच काळात इंफाळच्या धावपट्टीवर अर्जनसिंग यांच्या नेतृत्वाखालील भारतीय हवाई दलाची पहिली स्क्वॉड्रन हरिकेन विमानांसह तळ ठोकून होती. शत्रूच्या हालचालींची टेहळणी करणे हे तिचे मुख्य काम होते आणि तिथल्या कामगिरीबद्दल अर्जनसिंग यांना त्याच वर्षी डीएफसी (डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस) हे शौर्यपदक मिळाले. आपल्या आजोबांच्या आठवणीला असा भक्कम आधार आहे.

किट विकत घेण्याआधी एक निर्णय घ्यावा, असा माझा आग्रह आहे. ‘हरिकेन’ करायचे न ठरवता एक ठरावीक विमान, ठरावीक महिन्यातले, करायचे असे ठरवावे. सिडनी कॅम यांनी आराखडा केलेले हे विमान ६ नोव्हेंबर १९३५ रोजी प्रथम उडाले आणि पुढे अशी १४ हजारांहून अधिक विमाने तयार झाली. या काळात त्यात इतके बदल झाले की, एका वर्षीचे अवयव दुसऱ्या वर्षीच्या विमानावर चढवले तर जाणकाराच्या नजरेत ते लगेच खुपतात. पहिल्या मार्कच्या, म्हणजे पहिल्या आवृत्तीच्या, पंखांत आठ मशीनगन होत्या, दुसऱ्या मार्कच्या ‘बी’ प्रकारात बारा, ‘सी’ प्रकारात २० मिलिमीटरच्या चार तोफा आणि ‘डी’ प्रकारात रणगाड्यांवर मारा करण्यासाठी ४० मिलिमीटरच्या दोन. ब्रह्मदेशाच्या आघाडीवरील टेहळणीच्या काही विमानांतून वजन कमी करण्यासाठी दोन तोफा काढलेल्या असत. म्हणून आधी छायाचित्र मिळवावे, त्यात पंखाच्या पुढच्या कडेतून बाहेर आलेल्या नळ्या मोजाव्यात, नाकाखाली धूळ अडवणाऱ्या व्होक्स फिल्टरचे जाडजूड आवरण आहे की नाही ते पाहावे आणि मगच किट निवडावे. छायाचित्रात जी बाजू दिसत नाही, तिच्याबद्दल त्याच स्क्वॉड्रनच्या दुसऱ्या विमानावरून अनुमान करता येते. मात्र ते अनुमान आहे याची नोंद आपल्या वहीत ठेवावी.

प्रमाणाविषयी बोलायचे तर खऱ्या ‘सी’ प्रकारच्या हरिकेनच्या पंखांचा विस्तार १२.१९ मीटर आहे. १:७२ प्रमाणात तो सुमारे १७ सेंटिमीटर होतो, तर १:४८ प्रमाणात साधारण साडेपंचवीस सेंटिमीटर. हासेगावा आणि आर्मा हॉबी या कंपन्यांची ‘सी’ प्रकाराची किट्स दोन्ही प्रमाणांत निघालेली आहेत. आपला हात मोटारींवर बसलेला असल्यामुळे मी १:४८ सुचवेन, कारण या विमानाचे वैशिष्ट्य त्याच्या कॉकपिटमध्ये आहे आणि लहान प्रमाणात ते डोळ्यांना नीट दिसत नाही. हरिकेनच्या कॉकपिटला सलग तळच नव्हता. वैमानिकाच्या टाचा दोन अरुंद पट्ट्यांवर टेकत आणि त्यांच्या खाली पोलादी नळ्यांचा सांगाडा उघडा दिसे. करड्या-हिरव्या रंगाच्या त्या नळ्या, सीटवरचे कापडी पट्टे आणि समोरच्या फलकावरील सहा मुख्य उपकरणांचा चौकोनी गट एवढे मनापासून केले, तरी वरून डोकावणाऱ्याला विमान जिवंत वाटते. पुष्कळ जण सवयीने तिथे तळ बसवतात. आपण बसवू नये.

जुळणीत एका जागी विशेष लक्ष द्यावे. हरिकेनच्या पंखांचा मधला भाग आडवा, सपाट आहे आणि चाकांच्या बाहेरच्या बाजूने पंख वर उचलत जातात. गोंद लावण्याआधी सगळे भाग कोरडेच एकमेकांवर बसवून हा उठाव दोन्ही बाजूंना सारखा येतो का, ते समोरून पाहावे. पातळ द्रावक गोंद सांध्यावर ब्रशने टेकवला की आपोआप आत ओढला जातो. तो वाळेपर्यंत पंख खाली बैठकीचा आधार देऊन ठेवावेत. इथे घाई झाली तर पुढची सगळी रंगकामाची मेहनत वाकड्या विमानावर होते.

प्रश्न : माझ्या किटमध्ये हरिकेनच्या मागच्या भागावर उभ्या-आडव्या पट्ट्यांमध्ये खोलगट खाचा दिल्या आहेत. खऱ्या विमानावर त्या इतक्या खोल होत्या का? (एक वाचिका, नाशिक)

उत्तर : नव्हत्या. आपला संशय रास्त आहे.

हरिकेनचे पुढचे अंग धातूच्या पत्र्याचे होते, परंतु कॉकपिटच्या मागे पोलादी नळ्यांच्या सांगाड्यावर लाकडी चौकटी आणि लांब पट्ट्या बसवून त्यांवर लिननचे कापड ताणलेले असे. कापडावर डोप नावाचे द्रव्य चढवले की ते वाळताना आक्रसते आणि कापड घट्ट होते. त्यामुळे पट्ट्यांच्या कडा जाणवत, पण दोन पट्ट्यांमधले कापड लोंबत नसे. समजा, खऱ्या विमानावर कापड पाच मिलिमीटर खोल गेले आहे. १:४८ प्रमाणात ते मिलिमीटरच्या जेमतेम दहाव्या भागाइतके होते. किट तयार करणाऱ्यांना तो पोत ग्राहकाच्या लक्षात यावा असे वाटते, म्हणून खाचा खोल कोरल्या जातात. ८०० क्रमांकाच्या पॉलिश पेपरने, पाणी लावून, लांबीच्या दिशेने हलक्या हाताने घासत त्यांचे उंचवटे कमी करावेत. उंचवटे पूर्ण सपाट मात्र करू नयेत, कारण उन्हात तिरप्या प्रकाशात त्या पट्ट्या दिसत असत आणि हरिकेनची ओळख त्यातच आहे.

हाच नियम पत्र्याच्या जोडांना लागू होतो. दोन पत्र्यांमधली दोन मिलिमीटरची फट १:४८ मध्ये केसाहूनही बारीक होते. अनेक जण त्या रेषांत काळा रंग भरतात आणि विमान शाळेच्या भूमितीच्या वहीसारखे दिसू लागते. मला ते पटत नाही. भरायचाच असेल, तर मूळ रंगाहून किंचित गडद रंग फक्त हलत्या भागांच्या कडांत, म्हणजे एलरॉन (पंखांच्या मागच्या कडेची हलती पाती), रडर (शेपटीचे उभे सुकाणू) आणि इंजिनवरील झाकणे यांच्या भोवती भरावा.

प्रश्न : रंग उडालेला दाखवण्यासाठी स्पंजाने चंदेरी ठिपके दिले. पाहणाऱ्यांना आवडले, पण एका अनुभवी मित्राने ‘चूक’ म्हटले. चूक काय झाली? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : ठिपके कुठे दिले, यावर ते अवलंबून आहे. मागच्या भागावर कापड होते, हे वर आलेच. कापडाखाली चकाकणारा पत्रा नसतो. तिथला रंग झिजला तर डोपचे थर किंवा कापडच दिसेल. दुसरे म्हणजे, रोटॉल कंपनीच्या प्रोपेलरची पाती अनेकदा दाबून केलेल्या लाकडाची असत, त्यामुळे पात्यांच्या कडांना चांदी लावण्याआधीही छायाचित्र पाहणे आवश्यक आहे. चांदी शोभेल अशा जागा मोजक्याच उरतात : वैमानिक आणि मेकॅनिक चढताना जिथे पाय ठेवत ती पंखाच्या मुळाची जागा, इंजिनवरील झाकणांच्या खिळ्यांची भोवताल, तोफांमध्ये दारूगोळा भरण्याच्या झडपांच्या कडा. धुराड्यांच्या मागे धुराचा पट्टा द्यावा. त्याची दिशा हवेच्या ओघाबरोबर, किंचित खाली झुकत, पंखाच्या मुळाकडे जाणारी असावी. मार्चमधल्या विमानाच्या चाकांवर आणि पोटावर धूळ, तर जूनमधल्या विमानावर चिखल, एवढा ऋतुमानाचा विचार केला तर पुरे. आपल्या मित्राचे म्हणणे बहुधा याच अंगाने असावे, आणि ते बरोबर आहे.

प्रश्न : ब्रिटिश विमानांवरील वर्तुळाकार चिन्हात मध्यभागी लाल ठिपका असतो. मग ब्रह्मदेशच्या आघाडीवरील विमानांच्या चित्रांत तो का दिसत नाही? पंखांवर पांढरे पट्टे द्यावेत का? (एक वाचक, बेळगाव)

उत्तर : जपानी विमानांवर तांबड्या सूर्याचे गोल चिन्ह होते. धावत्या लढाईत, क्षणभर दिसलेल्या विमानावर लाल ठिपका पाहून आपल्याच माणसांनी गोळ्या झाडू नयेत, म्हणून या आघाडीवरील चिन्हांतून लाल रंग काढून टाकण्यात आला. अमेरिकी विमानांनी १९४२ मध्येच आपल्या ताऱ्यातील लाल ठिपका याच कारणाने काढला होता. आग्नेय आशियाच्या आघाडीवर गडद निळ्या वर्तुळात फिकट निळा किंवा पांढरा गोल, आणि तोही आकाराने लहान, अशी पद्धत रूढ झाली. शेपटीवरील छोट्या पट्ट्यांतूनही लाल रंग गेला. किटमधील डिकॅल, म्हणजे चिकटवायची छापील चिन्हे, युरोपातील विमानाचे असतील, तर ते इथे चालणार नाहीत. मध्याच्या फिकट निळ्याची छटा विमानागणिक वेगळी दिसते, कारण गडद निळ्यात पांढरा मिसळून ती तयार केली जाई. स्टेन्सिल कापून आपणच ती रंगवणे उत्तम.

वरच्या अंगाला गडद हिरवा आणि मातकट तपकिरी अशी रंगसंगती ठेवावी. पोटाला बहुतेक विमानांवर मध्यम करडा रंग होता. कृष्णधवल छायाचित्रावरून रंगाची छटा ठरवू नये, फक्त दोन रंगांतला गडद-फिका भेद आणि त्यांच्या सीमारेषा घ्याव्यात. पांढरे पट्टे युद्धाच्या शेवटच्या टप्प्यात सर्रास दिसतात. मार्च १९४४ चे विमान करत असाल, तर त्याच विमानाच्या छायाचित्रात पट्टे दिसल्याशिवाय ते देऊ नयेत.

दिल्लीला पालम येथील हवाई दलाच्या संग्रहालयात एक हरिकेन जतन केलेले आहे. चाकांची रुंद मांडणी, कापडाखालच्या पट्ट्या आणि पोटाखालील रेडिएटरचा आकार समजून घेण्यासाठी ते जरूर पाहावे. पण संग्रहालयातील विमाने पुन्हा पुन्हा रंगवली जातात. त्यांचा आजचा रंग १९४४ चा पुरावा म्हणून धरू नये.

प्रश्न : पावसाळ्यात एअरब्रशने मारलेला लॅकर रंग पांढुरका पडतो. उपाय काय? (एक वाचिका, रत्नागिरी)

उत्तर : द्रावक वेगाने उडून जाताना पृष्ठभाग थंड होतो आणि दमट हवेतील बाष्प ओल्या रंगावर धरते. कोकणात जून ते सप्टेंबर हे होणारच. कॉम्प्रेसरच्या नळीत पाणी अडवणारा सापळा बसवावा, सावकाश उडणारे द्रावक घ्यावे, थर पातळ द्यावेत आणि पाऊस कोसळत असताना काम टाळावे. पांढुरका थर आलाच असेल, तर कोरड्या दिवशी सावकाश द्रावकाचा अगदी हलका फवारा दिल्यास तो बहुधा जातो. खिडकी उघडी ठेवून, सेंद्रिय वाफा अडवणारा मुखवटा लावूनच काम करावे. साधा कापडी मास्क इथे निरुपयोगी आहे.

प्रश्न : कॉकपिटची पारदर्शक काच फेव्हिक्विकने चिकटवली आणि आतून धुरकट झाली. (एक विद्यार्थी, नागपूर)

उत्तर : त्या गोंदाच्या वाफा बंद जागेत पारदर्शक प्लॅस्टिकवर बसतात आणि पांढरा थर तयार होतो. काच अलगद काढता आली, तर आतली बाजू अतिशय बारीक पॉलिश पेपरने आणि नंतर पॉलिशच्या लेपाने घासून पाहावी. पुढच्या वेळी काच साध्या पांढऱ्या फेव्हिकॉलने बसवावी. वाळल्यावर तो पारदर्शक होतो आणि कडेला आलेला जादा गोंद ओल्या ब्रशने पुसता येतो. हरिकेनची काच मागे सरकवलेल्या स्थितीतही दाखवता येते. आपण कॉकपिटवर मेहनत घेतली असेल, तर तीच उघडी ठेवावी.